सात पाण्यांनी धुतलेली भुकटी

प्रयोगशाळेत तिला सगळे भुकटीबाईच म्हणत. शेंगांची टरफले जाळून कोळसा करायचा, तो कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, सात पाण्यांनी धुऊन वाळवायचा आणि पाण्यातले शिसे त्या काळ्या भुकटीला चिकटते का ते बघायचे, हे तिचे काम. घरी गेली तरी नखांत कोळसा असायचाच.

जुन्या बॅटऱ्या वितळवणारा कारखाना बंद पडून दहा वर्षे झाली होती, पण शेजारच्या शाळेच्या विहिरीत शिसे उतरतच होते. तिची लेक त्याच शाळेत तिसरीला. रोज दप्तरात घरची बाटली आणि दारात रोज तोच जप, "नळाला तोंड लावायचं नाही हं!"

सोमवारी शाळेच्या टाकीत भुकटी बसवायचे ठरले. शेवटच्या चाचणीत वरचे निवळ पाणी तपासले, तर शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग शिसे गायब.

"बाई, मैदान मारलंत!" साहेब म्हणाले.

तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. परवापर्यंत अठ्ठ्याहत्तरावर अडलेली भुकटी एका रात्रीत एवढी शहाणी कशी झाली? तिने बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरट गाळ. तांबडी लिटमस पट्टी पाण्यात बुडवली, ती निळीशार. मग आठवले, घाईत ही खेप आपण दोनदाच धुतली. आत राहिलेल्या सोड्याने शिसे नुसते तळाला बसवले होते. भुकटीने ते धरलेच नव्हते. टाकी जरा ढवळली की पुन्हा पोरांच्या पोटात!

"साहेब, सोमवार रद्द. हे मैदान सोड्यानं मारलंय."

"अहो, मुख्याध्यापकांना काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवा. चूक माझी आहे."

पुढची खेप तिने मोजून सात पाण्यांनी धुतली. आकडा अठ्ठ्याहत्तरच आला, पण खरा. मग तिने एकीमागे एक अशा तीन टाक्या लावायला सांगितले. आईच्या हातून निसटलेली पोर आजीच्या तावडीत सापडतेच की! महिन्याभराने शाळेच्या नळाचे पाणी मर्यादेच्या आत आले. तीन वेळा तपासले, तिन्ही वेळा तेच. टाक्यांच्या तळाशी गाळाचा कणही नव्हता.

शाळा सुटल्यावर लेक नळापाशी उभी होती. "आई, आज तरी?"

"पी."

लेक वाकली, तशी मागून हाक आलीच, "ओंजळीनं! नळाला तोंड लावायचं नाही हं!"