मुंबईच्या उंदरांनी दिलेली साक्ष

“मुलगी केव्हाच वयात आली आहे,” डॉक्टरीणबाई हातातला कागद वाचत म्हणाल्या.

आई उभीच राहिली. “आसं कसं व्हईल बाई? सतरावं लागलंय, अन् अजून न्हाण आलं न्हाई हिला!”

मंठ्यात, आमच्या गावात, वर्षभर माझ्याविषयी कुजबुज चालली होती. जमलेली सोयरीक मोडायला आली होती. पोरगी बाई आहे का नाही ते बराबर कळवा, असा पाहुण्यांचा निरोप होता. आणि आता म्हणे, केव्हाच!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. दर महिन्याला माझं पोट असं दुखायचं की मी जमिनीवर लोळायचे. आई म्हणायची, वायगोळा. वायगोळ्यावर आमच्याकडे एकच इलाज, तापलेल्या बिब्ब्याचा डाग. तीन-चार दिवसांत दुखणं आपसूक ओसरायचं आणि नाव बिब्ब्याचं व्हायचं.

शेवटी परतूरहून आगगाडीने जालन्याच्या दवाखान्यात आलो. डॉक्टरीणबाई तपासते म्हणाल्या, तर आई आडवी आली. “कुवारी पोर हाय. हात लावू देणार न्हाई.”

“मग निदान रक्त तरी घेऊ द्या,” बाई म्हणाल्या. भली मोठी पिचकारी भरली. मला घेरी आली.

रक्त मुंबईला गेलं. त्यात हॉर्मोन, म्हणजे मुलीला वयात आणणारा अंगातला रस, आहे का ते पाहायचं होतं. अंडाशय काढलेल्या उंदरांच्या माद्यांना या रक्ताचा अर्क टोचतात. त्या माजावर आल्या तर हॉर्मोन आहे, असं बाईंनी समजावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं नशीब उंदीर ठरवणार! तीन आठवडे आम्ही धर्मशाळेत काढले. आई रोज गणपतीच्या देवळात जायची आणि देवाआधी उंदराला हात जोडायची.

उंदरांनी माझ्या बाजूने साक्ष दिली. कागद ऐकल्यावर आईने तपासू दिलं. न्हाणाची वाट जन्मापासून एका पातळ पडद्याने बंद होती. महिन्याच्या महिन्याला येणारं रक्त आतच साठत होतं. भूल देऊन एक लहानशी चीर दिली, बस.

शुद्धीवर आले तेव्हा आई माझ्या पोटावरचे डाग मोजत होती.

“अकरा,” ती म्हणाली. “अकरा येळा न्हाण आल्तं गं तुला. अन् मी दर खेपी डागलं.”

मग ती रडली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तिला रडताना पाहून मीही रडले. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी अजून विसरले नाही.

आयाबायांनो, मुलीला न्हाण नाही आणि पोट मात्र महिन्याला दुखतं, तर बिब्बा बाजूला ठेवा. डॉक्टरला तपासू द्या.

घरी परतल्यावर आईने मला मखरात बसवलं, पाच सवाष्णींकडून ओटी भरवली. काका पाहुण्यांना होकार कळवायला निघाले, तर तिने त्यांना दारातच थांबवलं.

“सांगा त्यांना, पोरगी बाई हाय,” आई म्हणाली. “पण तुमच्या घरी द्यायची न्हाई.”