बिनपाण्याचा बॉयलर

लग्नांचे व्हिडिओ जोडून देण्याचा जोडधंदा मी एकदा करून पाहिला. नोकरी कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात, टेबलावरची. तिच्यात डोकं फारसं खर्ची पडत नाही, म्हणून उरलेलं कुठेतरी वापरावं असा विचार. त्यासाठी ऐपतीच्या जरा पलीकडचा संगणक जुळवून घेतला. तगडा प्रोसेसर, दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड. पुढे लोक मोबाइलवरच सगळं जोडायला लागले आणि बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत ते धूड नुसतं बसून राहिलं.

त्याच सुमारास बाबांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, सांभाळा. सांभाळा म्हणणं सोपं असतं. मला रागच आला, आणि राग काढायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून मी इंटरनेटवर वाचत बसलो.

त्यात एक प्रकार सापडला. शरीरातल्या प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याचा काही संशोधक हिशेब करतात. घडी चुकली की मेंदूत नको ते साठत जातं आणि माणूस विसरायला लागतो, असा त्यांचा कयास. हिशेब इतका अवाढव्य, की ते त्याचे तुकडे करून जगभरातल्या घरगुती संगणकांना वाटतात. आपला संगणक एक तुकडा उतरवून घेतो, सोडवतो, परत पाठवतो आणि पुढचा मागतो. मोबदला काही नाही. औषध निघालंच तर कधी, हेही कुणी सांगत नाही. मी नाव नोंदवलं. प्रोसेसर आणि कार्ड, दोन्ही कामाला जुंपले.

आई म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस." खोटं नव्हतं. खोलीही तव्यासारखी तापायची. पावसाळ्यात मात्र तिला शोध लागला, की संगणकाच्या मागून येणाऱ्या गरम झोतासमोर मोजे आणि रुमाल झकास वाळतात. त्यानंतर भाकऱ्यांचा विषय तिने काढला नाही.

आता बाबांचं. गाव किनाऱ्यावरचं, घरची चिकूची वाडी, पण त्यांचं आयुष्य गेलं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात. बॉयलर अटेंडंट. कारखाना कधीच बंद पडला, तिथे आता दुसऱ्याच कंपनीची पाटी आहे. बाबांच्या डोक्यात मात्र तो चालू होता. सकाळी उठून खाकी शर्ट चढवायचे, पिवळं हेल्मेट काखेत मारायचे आणि कंपनीची बस पकडायला निघायचे. बस यायची नाही, मग पायीच. एकदा ते मला सापडले ते रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी टँकर थांबलेले आणि ड्रायव्हर शिव्या देतायत. मी दाराला कुलूप लावलं. त्या दिवशी त्यांनी दार बडवून बडवून हात सुजवून घेतला. "पाळी चुकंल माजी! उगडा!" असं ओरडत होते. संध्याकाळी आईने त्या हाताला हळद लावली आणि मला म्हणाली, "कुलूप परत नको. जनावर नाय ते."

माझ्यापुढे तेव्हापासून एकच प्रश्न होता. कुलूप न लावता त्यांना घरात ठेवायचं कसं? मी कोळगावला, घरी आई एकटी, आणि बाबा अंगापिंडाने अजून आडदांड.

उत्तर मी शोधलं नाही, ते घरात आपोआप झालं. कार्ड किती तापतंय ते दिसावं म्हणून मी पडद्यावर एक गोल तबकडी आणून ठेवली होती. काटा, आकडे, शेवटी लाल पट्टा. एका सकाळी बाबा शर्ट घालून निघाले आणि त्या तबकडीपाशी थबकले. वाकून पाहिलं. पंख्यांचा आवाज ऐकला, पत्र्याला हात लावून पाहिला. मग खुर्ची ओढली आणि बसले. बस, कंपनी, रस्ता, सगळं विसरले. ड्यूटी घरातच लागली होती.

मला हसू आलं आणि हायसंही वाटलं. पण बॉयलरवाल्यासमोर यंत्र ठेवणं म्हणजे चौकशीला आमंत्रण. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "याची पान्याची काच कुटं हाय?"

"याला पाणी लागत नाही, बाबा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या जिवावर उठलोय. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच असते, ती रिकामी दिसली तर विचार करायचा नाही, आधी आग बंद करायची. बाबांनी हात लांब केला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. तुकडा अर्धवट राहिला. मी पुन्हा चालू केलं, त्यांनी पुन्हा बंद केलं. वरून मला सुनावलं, "फुटला तर आख्खा कारखाना उडंल!"

तोडगा आईने काढला. तिने एक पारदर्शक बाटली निम्मी भरली, झाकण घट्ट लावलं आणि संगणकाच्या शेजारी भिंतीला टेकवून उभी केली. बाबांनी वाकून पातळी पाहिली आणि मान हलवली. "आता बरोबर." आमचा बॉयलर जगातला एकमेव असावा, ज्याचं पाणी कधी कमीजास्त झालं नाही.

दुसरी अडचण जेवणाची. बॉयलरवर एक रीत आहे. बदली माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन चार्ज घेत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. तो आलाच नाही तर पुढची पाळीही आपणच काढायची. बाबांनी अशा कितीतरी पाळ्या काढल्या होत्या. तेव्हा ताट वाढून आईने हाक मारली तर ते हलेनात. "कसा उटू? रिलीवर नाय आला."

"मी हाय ना. द्या चार्ज," आई म्हणाली.

बाबा खो खो हसले. "बाईमानूस बॉयलरवर?"

आई आत गेली, बाबांचं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा हनुवटीखाली अडकवला, पदर खोचला आणि पुन्हा समोर येऊन उभी राहिली. बाबांनी हेल्मेटकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही. ताडकन उठले. "टेंपरेचर बरोबर. पानी निम्म्यावर. आवाज नाय." चार्ज देऊन हात धुवायला गेले आणि पोटभर जेवले. त्या दिवसापासून आई रोज दुपारी हेल्मेट घालून ड्यूटीवर यायची. आमटी ढवळतानाही ते कधी कधी डोक्यावरच राहायचं. मी चिडवलं तर म्हणायची, "तू पगार दे, मंग काढते."

शुक्रवारची मला धास्ती होती, कारण दुरुस्तीसाठी आमच्याकडे वीज बहुधा शुक्रवारी जाते. पण वसाहतीची साप्ताहिक सुट्टीही शुक्रवारचीच. यंत्र बंद दिसलं, की बाबा स्वतःच म्हणायचे, आज सुट्टी, आणि निवांत पेपर उलटा धरून बसायचे. एवढं सगळं जुळून आल्यावर मी गाफील झालो. तुकडे जात होते, नवे येत होते, बाबा घरात होते. त्या संशोधकांना औषध सापडेल तेव्हा सापडेल, आमचं तर भागलं होतं.

मग एका मंगळवारी भर दुपारी वीज गेली. सुट्टी नसताना बॉयलर बंद पडला, तर शिफ्ट इनचार्जला जाऊन सांगायचं असतं. फोनवर नाही, समक्ष. आई नळावर होती. बाबांनी पिवळं हेल्मेट घातलं आणि गेले.

आईचा फोन आला तेव्हा मी कोळगावला होतो. तशीच मोटरसायकल काढली. बोईसरपर्यंत मी रस्त्याच्या दोन्ही कडा बघत होतो, आणि गर्दी दिसली की गाडी थांबवून आत डोकावत होतो. सालवडच्या नाक्यावर नव्हते. जिथे बस थांबायची तिथे नव्हते. शेवटी त्यांच्या जुन्या कारखान्याकडे वळलो. नव्या पाटीच्या फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीत बाबा बसले होते, हेल्मेट नीट, हात मांडीवर. वॉचमन बाजूला उभा. मला पाहून हळूच म्हणाला, "चाचा बोल रहे थे बॉयलर ट्रिप हो गया. मैंने बोला साहब को बता दिया, आप बैठो." त्या माणसाचे आभार मानायचे माझ्याकडून तेव्हा राहून गेले.

मी समोर जाऊन उभा राहिलो. घाईत डोक्यावरचं हेल्मेट काढलंच नव्हतं. बाबांनी वर पाहिलं, हेल्मेटकडे, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"आलास? बरं झालं." ते उठले. "ट्रिप झालाय. आग बंद केली हाय. पानी निम्म्यावर. साहेबांना सांगितलंय."

"घेतला चार्ज," मी म्हणालो.

"मंग मी निगतो. घरी पोरगा हाय माजा, लहान हाय. मी गेल्याबिगर जेवत नाय. किती बी उशीर होवदे, ताट घेऊन बसून ऱ्हातो."

हे खरं होतं. रिलीव्हर आला नाही की बाबांना उशीर व्हायचा, आई रागवायची, आणि मी भिंतीला टेकून ताटासमोर डुलक्या घ्यायचो. मला वाटायचं, हे फक्त आईलाच माहीत आहे. बाबांनी त्यावर कधी एक शब्द काढला नव्हता. आणि आता समोर उभा असलेला मी त्यांना ओळखू येत नव्हतो, पण तो पोरगा आठवत होता. हेल्मेटची काच मी खाली ओढून घेतली.

"चला, सोडतो तुम्हाला. रस्त्यातच आहे माझ्या."

"तुजी पाळी?"

"बॉयलर बंद आहे ना. कळवलंय साहेबांना."

हे त्यांना पटलं. मागे बसले, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला. रस्ताभर पोराबद्दलच सांगत होते. अभ्यासात बरा हाय, तोंडाने जरा फटकळ हाय, बॉयलरवर नाय आणायचा त्याला, टेबलावर बसवायचा. मी गाडी सावकाश चालवली.

घरी वीज आली होती आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला होता. पंखे फिरत होते आणि पडद्यावर तो तुकडा जिथे अडकला होता तिथून पुढे सरकत होता. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांची पाळी संपली होती. दारातच त्यांनी आईला विचारलं, "पोरगा जेवला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"नाय," ती म्हणाली. "तुमचीच वाट बगतोय."

मी हेल्मेट काढून दाराआड ठेवलं, आणि भिंतीला टेकून बसलो.