बहिऱ्या पिल्लाची खरेदी

पिल्लू घरी यायच्या आधी त्याचं सामान घरात आलं पाहिजे, एवढ्या एकाच गोष्टीवर माझं आणि नवऱ्याचं एकमत होतं. आम्ही दोघंही नोकरी करणारे. नुकतंच वारज्यात तळमजल्यावर घर घेतलेलं. समोर अजून ज्वारीचं शेत उभं होतं आणि शेताच्या पलीकडे नव्या इमारतींचे पाये खणायला सुरुवात झाली होती. सासरे निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले होते. सारी नोकरी शाळेत भूमिती शिकवण्यात गेलेली. बोलायचे फार कमी, पण एकदा बोलले की समोरच्याला दिवसभर पुरायचं.

खडकवासल्याला नवऱ्याच्या ओळखीचे एक लष्करी अधिकारी होते. त्यांची बदली झाली होती आणि त्यांच्या कुत्रीला नुकतीच पिल्लं झाली होती. त्यातलं एक आमच्या वाट्याचं. ही बातमी आली त्या शनिवारी आम्ही तिघंही कॅम्पात गेलो. सासऱ्यांना आम्ही बोलावलं नव्हतं. चप्पल घालून ते आधीच फाटकाशी उभे होते.

तिथल्या एका दुकानात घोड्यांची खोगिरं टांगलेली होती आणि त्यांच्याखाली कुत्र्यांचं सामान. कातड्याचा आणि तेलाचा असा काही वास होता की मला दुकानातून निघावंसंच वाटेना. मी पट्टे हातात घेऊन वाकवून बघत होते, ब्रश तळहातावर घासून बघत होते. नवऱ्याने स्टीलचं भांडं निवडलं, मी लाल पट्टा. शिट्टी दिसली तशी मी ती तिथेच जोरात वाजवली आणि सासऱ्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

दुकानदाराने एक चकचकीत साखळी पुढे केली. "ही न्या. कुत्र्याने ओढ घेतली की आपोआप गळा आवळतो. आठवड्यात सरळ होतो."

"आमच्या शाळेत होती ही पद्धत," सासरे म्हणाले. "कुणी सरळ झालं नाही."

साखळी दुकानातच राहिली. बाहेर आल्यावर सासऱ्यांनी आमच्या हातांतल्या पिशव्यांकडे बघितलं आणि मला म्हणाले, "तुला लग्नात एवढं सामान दिलं नव्हतं आम्ही."

पिल्लू स्कूटरवरून माझ्या मांडीवर बसून आलं. पांढरंशुभ्र, एका कानावर तेवढा काळा डाग. वाटेत त्याने माझी ओढणी चघळून ओली केली आणि मी इतकी खूश होते की वारजे आलेलं मला कळलंही नाही.

दुसऱ्याच दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. सकाळी कामावर जाण्याआधी मी शिट्टी वाजवायची, नवऱ्याने "बस" म्हणायचं. पिल्लू आमच्याकडे बघून शेपूट हलवायचं, नाहीतर पाठ करून पायपुसणं कुरतडायचं. खाण्याचं भांडं हातात घेतलेलं दिसलं की मात्र उडी मारून पुढे. नावावरून आमच्यात रोज वाद व्हायचा. मी एका नावाने हाक मारायचे, नवरा दुसऱ्या, आणि ते दोन्ही नावांना सारखीच दाद द्यायचं, म्हणजे अजिबात नाही.

"हट्टी आहे फार," नवरा म्हणाला.

"तुम्हा दोघांचं ऐकावं असं त्याला अजून काही दिसलं नसेल," वर्तमानपत्रातून मान वर न करता सासरे म्हणाले.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या दारासमोरच कुणीतरी फटाक्यांची लांबलचक माळ लावली. रस्त्यावरची कुत्री शेपट्या पायांत घालून गाड्यांखाली शिरली. मी पिल्लाला उचलायला धावत आले. ते उंबऱ्याशी पाय पसरून गाढ झोपलं होतं. माळ तडतडत होती, धुराने डोळे चुरचुरत होते आणि याच्या पोटाचा भाता संथपणे वरखाली होत होता.

सासरेही बघत होते. ते आत गेले, पूजेची घंटा घेऊन आले आणि पिल्लाच्या मागे वाकून त्यांनी ती जोरजोरात वाजवली. पिल्लाचा कान हलला नाही. त्यांनी हलकेच बोट लावलं तेव्हा मात्र ते दचकून उठलं आणि त्यांचा हात चाटू लागलं.

"याला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो. इतके दिवस मी त्याला रागावत होते आणि त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोहोचतच नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की दोन्ही कान जन्मापासूनच असे आहेत, औषध नाही. माझा चेहरा बघून त्यांनी पिल्लाला टेबलावर बसवलं आणि त्याच्यासमोर हळूच हात उंचावला. पिल्लाची नजर हाताबरोबर वर गेली आणि त्याचं मागचं अंग आपोआप खाली टेकलं. त्यांनी लगेच त्याला बिस्किटाचा तुकडा दिला. पुन्हा हात वर, पुन्हा बसला.

"बसला!" मी ओरडलेच.

"बसणारच," त्या हसल्या. "तो सगळं बघतो. तुम्ही फक्त तोंडाने बोलत होतात. पट्टा गळ्याला नको, छातीला बांधायचा घ्या. मैदानात लांब दोर बांधून शिकवा. घरात बोलवायला उजेडाची खूण करा. आणि खाऊ असा निवडा की त्याच्या वासाने त्याने मागे वळून बघितलंच पाहिजे. रस्त्यावर मात्र कधी मोकळा सोडायचा नाही."

आत जाताना मला रडू येत होतं आणि बाहेर पडताना मला पळत सुटावंसं वाटत होतं. आता पुन्हा खरेदी! आणि या वेळी काय घ्यायचं आणि कशासाठी, ते पक्कं माहीत होतं.

छातीचा पट्टा मापाने शिवून घेतला. पट्ट्याला मी घुंगरू लावलं, म्हणजे तो कुठे आहे ते निदान आम्हाला कळेल. विजेरी सासऱ्यांनी स्वतः निवडली. दुकानातल्या सगळ्या विजेऱ्या त्यांनी काउंटरखाली अंधारात नेऊन पेटवून बघितल्या. लखलखीत प्रकाशाची नको, त्याचे डोळे दिपतील, असं त्यांचं म्हणणं. दोरासाठी त्यांनी आम्हाला मार्केट यार्डात नेलं. कांद्याच्या गोण्यांमधून, हमालांच्या आरोळ्यांमधून वाट काढत ते दोरांच्या दुकानात शिरले. नायलॉनचा दोर हातातून सरकला की चटका बसतो, म्हणून तो त्यांनी बाजूला सारला. मग सुती दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं नवऱ्याच्या, आणि मधे उभं राहून म्हणाले, "ओढा." भर बाजारात आम्ही नवराबायको रस्सीखेच खेळलो. येणारे-जाणारे थांबून बघत होते. दोर पसंत झाला.

राहिला खाऊ. पनीर, चपाती, बिस्किटं, सगळं करून झालं. घरात चालायचं, पण मैदानात गेलं की त्याला गवताचा वास जास्त प्रिय. माझं माहेर अलिबागचं. कुठला वास भिंतीतूनही आरपार येतो ते मला चांगलं ठाऊक होतं, पण सासरी आजवर अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. शेवटी एका सकाळी धीर करून विचारलं, "बाबा, सुके बोंबील आणले तर चालतील का? त्याच्यासाठी."

सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. एकदा पिल्लाकडे बघितलं.

"झाकण घट्ट बसणारा डबा घे," ते म्हणाले. "पत्र्याचा नको. काचेचा."

त्या दिवशी मी बाजारातून परतले ती जवळजवळ धावतच. डबा उघडला आणि स्वयंपाकघरात झोपलेल्या पिल्लाचं नाक आधी जागं झालं, मग ते स्वतः. माझे बोंबील आणि माझ्या माहेरचा वास, दोन्ही एकदम घरात आले. सासरे खिडकी उघडत म्हणाले, "अलिबाग बरंच मोठं दिसतंय."

मग आमचे खरे दिवस सुरू झाले. हात वर म्हणजे बस. तळवा खाली म्हणजे झोप. दोन्ही हात पसरले म्हणजे ये. अंगणात गेला की सासरे दारातून विजेरी दोनदा लुकलुकवायचे आणि तो घुंगरू वाजवत आत यायचा. नावाचा वादही मिटला. सासऱ्यांनी मूठ मिटून झटकन उघडायची खूण काढली, तीच त्याचं नाव झाली. मैदानात लांब दोरावर तो पुढे जायचा, आम्ही हलका झटका द्यायचो, त्याने वळून बघितलं की मूठ उघडायची आणि बोंबील. पुढे पुढे झटका न देताच तो चार पावलं गेला की मागे वळून आम्ही आहोत ना ते बघायचा.

थंडीतली एक सकाळ. कालव्याजवळच्या मोकळ्या मैदानात आम्ही तिघं आणि तो. दोर सासऱ्यांच्या हातात. बगळ्यांचा थवा उठला आणि त्याने त्यांच्यामागे धाव घेतली. दोर ताणला गेला आणि टक्कन आवाज झाला. पट्ट्याचा हूक तुटला होता. दोर गवतात पडला आणि तो पांढरा ठिपका सरळ हमरस्त्याच्या दिशेने निघाला. ट्रकची रांग मला इथून दिसत होती.

मी ओरडले. नवराही ओरडत पळत सुटला. आमच्या ओरडण्याचा काही उपयोग नाही हे माहीत असूनही घसा फाटेपर्यंत ओरडत होतो.

"थांबा!" सासरे आमच्यावर खेकसले. "पळू नका! त्याला वाटेल खेळ चाललाय. उभे राहा, तो बघेल."

आम्ही जागच्या जागी थांबलो. घुंगराचा आवाज लांब लांब जात होता. आणि मग तो थांबला. मान वळवली.

सासऱ्यांनी मूठ उंच धरून उघडली आणि दोन्ही हात पसरले, इतके की शर्टाचं बटण तुटलं. क्षणभर तो बगळ्यांकडे बघत राहिला, एकदा आमच्याकडे. मग कान मागे टाकून जो सुटला तो थेट आमच्याकडे. घुंगरू छुमछुम वाजत जवळ येत होतं आणि मी जागच्या जागी लहान मुलीसारख्या उड्या मारत होते. त्याने सासऱ्यांच्या छातीवर अशी झेप घेतली की दोघंही गवतात आडवे झाले.

"आला! बाबा, आला!" मी म्हणत होते आणि रडत होते आणि हसत होते.

सासऱ्यांनी पडल्या पडल्याच माझ्याकडून काचेचा डबा घेऊन उघडला आणि त्यातले होते नव्हते ते सगळे बोंबील त्याच्यापुढे उपडे केले. त्यांच्या हातांना, शर्टाला, चष्म्यालासुद्धा तो वास लागला होता आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती.

दोर पट्ट्याच्या कडीतून ओवून नवऱ्याने दोन गाठी मारल्या आणि आम्ही घराकडे निघालो. सासरे पुढे होते, नेहमीपेक्षा भरभर चालत होते. फाटकाशी ते थांबले.

"अहो, दुकानं दहाला उघडतात ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. आपल्या मुलाला ते कधीच अहोजाहो करत नसत. त्या दिवशी भानच राहिलं नव्हतं. "हूक पितळेचा घ्यायचा. आणि मी ओढून बघितल्याशिवाय कुणी पैसे द्यायचे नाहीत."

मी चहासुद्धा न घेता साडी बदलायला आत पळाले.