अप्पांच्या गोठ्यातली घुंगरमाळ

अप्पांनी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढली आणि माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, "हां. नाच आता."

मी नाचलो. हे आधीच सांगून टाकतो. बारा वर्षांचा होतो, रडत होतो, पण नाचलो. माळ पोटापर्यंत लोंबत होती. चामड्याच्या पट्ट्याला बैलाच्या घामाचा वास. अप्पांचे पावणे बाजेवर बसलेले, सगळे गाडामालक, घाटातल्या बैलगाडा शर्यतीचे बैल बघायला आलेले. त्यातला एक उठला. बैलाचा खूर उचलतात तसा त्यानं माझा पाय उचलला, तळवा बघितला, पोटरी दाबली. "अप्पा, खोंड बरा हाय. पर घाटात न्हाई पळायचा. लचकतोय." सगळे खदाखदा हसले.

गोठ्याच्या दारात माझी आई येऊन उभी राहिली. हाताला पीठ. ह्याच पावण्यांच्या भाकरी थापत होती ती. तिनं बघितलं, मान खाली घातली आणि परत चुलीपुढं जाऊन बसली. अप्पांचा राग आला मला. आईचा त्याहून जास्त आला.

आमचं गाव डिंभे धरणाच्या वर, डोंगरात. भात आणि नाचणी, तीही पोटापुरती नाही. बाप गेल्यावर आई मला घेऊन खाली मंचरकडं आली, अप्पांच्या शेतावर. कांदा, बटाटा, शेणगोठा, पावण्यारावळ्यांचा स्वयंपाक, सगळं तिच्याच अंगावर. राहायला गोठ्याला लागून एक पत्र्याची खोली. कामाच्या माणसांचे चहाचे कप गोठ्याच्या खिडकीत वेगळे ठेवलेले. आमचाही तिथंच. धुवायचा आपण, ठेवायचा आपण.

अप्पांच्या पडवीत टीव्ही होता. एकदा शेणाची पाटी घेऊन जाताना खिडकीतून दिसलं. पांढऱ्या तंग कपड्यातला एक बाप्या धावत आला आणि उडाला. उडाला तो उडालाच. खाली यायचं विसरला जणू. मी पाटी डोक्यावर घेऊन तसाच उभा. कुणीतरी चॅनल बदललं. पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गोठ्यात सुरू केलं. गव्हाणीचं आडवं लाकूड धरायचं, टाचा जुळवायच्या, पाय बाहेर वळवायचे, टाचा उचलून चवड्यावर उभं राहायचं. कोण शिकवणार? जे दिसलं होतं तेवढंच. बैल वैरण खाता खाता माझ्याकडं बघायचे. बैलांनी कधी नावं ठेवली नाहीत. त्या दिवशी अप्पा पावण्यांना घेऊन आत आले तेव्हा माझा एक पाय त्या लाकडावर होता. "आरं तिच्या! बाप्या हाईस का बाई?" एवढं म्हणून त्यांनी हात माळेकडं नेला.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुणी गोड बोललं की मी तोंडाकडं बघत नाही, हाताकडं बघतो. हातात काय आहे?

सतराव्या वर्षी घर सोडलं. घर कसलं, खोलीच. पुण्यात एका सुताराच्या हाताखाली लागलो. एका नाचाच्या शाळेत लाकडी जमीन बसवायचं काम आलं. फळ्या ठोकून झाल्यावर तिथले सर आले. म्हातारे, काटक, सरळ पाठीचे. म्हणाले, "जमीन उडी झेलते का ते बघायचंय. उडी मार." सुतार जाडा होता, त्यानं मला पुढं केलं. मी उडी मारली. सर म्हणाले, "परत." परत मारली. "परत." सात-आठ वेळा. मला वाटलं, आला आणखी एक मजा बघणारा. मी हत्यारं उचलून निघालो. मागून सर म्हणाले, "जमीन पहिल्याच उडीत पास झाली होती. बाकीच्या उड्या तुझ्या होत्या."

तरी मी दोन महिने गेलो नाही. गेलो तेव्हाही दाराजवळ उभा राहिलो, पळता येईल असा. त्या नाचाला बॅले म्हणतात हे तिथं कळलं. सर माझ्या पायाला हात लावायचे, घोटा वळवायला, गुडघा सरळ करायला. पहिल्या दिवशी हात लावला तसा मी पाय झटकून मागं घेतला. सरांनी कारण विचारलं नाही. पुढं रोज आधी म्हणायचे, "पाय धरू का?" मी हो म्हटल्यावरच धरायचे. एका माणसानं माझ्या पायाला हात लावायला माझीच परवानगी मागितली! त्या दिवशी मोरीत जाऊन रडलो. बॅले पुढं शिकलो. माझा पाय माझा आहे, हे आधी शिकलो.

पुढचं सगळं पेपरात आलंय. परदेश, मोठ्या बॅले कंपनीत मुख्य भूमिका, फोटो. नखं उखडली, घोटा दोनदा मोडला, हे पेपरात येत नाही. उशिरा सुरुवात केलेल्या पोराला दुप्पट घासावं लागतं, मी घासलं. आईला सोबत चल म्हटलं. ती म्हणाली, "मी कुटं जाऊ त्या थंडीत? हितं माजी खोली हाय." मला ते आवडायचं नाही. तिला गोठा सोडवत नाही, असं वाटायचं. फोनवर तिच्याशी बोलताना ती भाकरी थापताना दिसायची. मान खाली घातलेली.

ह्या वर्षी चैत्रात यात्रेला आलो. मंचरच्या एसटी स्टँडवर अप्पांची गाडी उभी. ड्रायव्हर म्हणाला, "अप्पांनी पाटिवलीया, साहेब." साहेब! मी तिथंच सावध झालो. गाडी कुणी उगाच पाठवत नाही.

फाट्यावर माझा फ्लेक्स. 'आमच्या मातीतला हिरा.' फोटो माझा, उडी मारतानाचा. पण पायात निळी जीन्स! मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. ते तंग कपडे बायामाणसांपुढं बरे दिसत नाहीत म्हणून फ्लेक्सवाल्याला सांगून कंप्युटरवर जीन्स चढवली होती. ज्या पायांवर मी उभा आहे तेच झाकले. माझ्यापेक्षा मोठा फोटो अप्पांचा, वरच्या कोपऱ्यात, हात जोडलेला. मी हसलो. ड्रायव्हर पण हसला. तो का हसला, कुणास ठाऊक.

पडवीत चहा आला. बशीत, सोनेरी काठाचा कप. पहिल्यांदाच. आई दाराशी उभी. तिलाही कप दिला, तर ती सवयीनं खिडकीकडं वळली, आपला कप आणायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा माझी तब्येत, विमान, तिकडचा पाऊस, सगळं विचारत बसले. मी म्हटलं, "अप्पा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय?"

अप्पा हसले. "हुशार हाईस लेका. ऐक. उद्या घाटात शर्यतीच्या आदी तुजा सत्कार ठेवलाय. टीव्हीवाले येणारेत. तू फकस्त एवडंच बोलायचं, का नाचाची सुरुवात अप्पांच्या गोठ्यात झाली, अप्पांनी पयलं नाचिवलं. खोटं हाय का?"

खोटं नव्हतं. तीच तर गोम होती.

"आन तुज्या आयची खोली," अप्पा म्हणाले, "तिच्या नावानं करून देतो. पक्की बांधून. म्हातारपणी कुटं हिंडंल ती?"

आई खाली बघत होती. वीस वर्षं ती त्या पत्र्याखाली राहिली. माझ्या एका वाक्यावर ते छप्पर तिचं होणार होतं, आणि ते वाक्य नाही म्हटलं तर जाणार होतं. अप्पांनी तेवढं बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती. मी आईला खोलीत विचारलं, "काय करू?" ती म्हणाली, "तुला कळतंय." बास. मला तिचा संशय आला, खरं सांगतो. तिला खोली हवी आहे आणि ती माझ्या तोंडून घ्यायची आहे, असं वाटलं. तिच्याशी जास्त बोललोच नाही. रात्री बाहेर बाज टाकून झोपलो.

सकाळी घाटात, शर्यतीच्या चढावर, तुडुंब गर्दी. गुलाल, फेटे, नटवलेले बैल. पहिली बारी, म्हणजे पहिल्या गाड्याची धाव, सुटायला अवकाश होता. माईकवाला माझं नाव बैलाच्या नावासारखं लांबवून घेत होता. मला स्टेजवर नेलं. आई बायकांत, खाली उन्हात बसलेली. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. अप्पांचे हात पाठीमागं होते. मी तेच बघत होतो.

अप्पांनी माईक घेतला. "पावणं, ह्ये पोरगं आज जगात नाव काडतंय. पर ह्याचा पयला गुरू कोण?" त्यांनी हात पुढं आणले. लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी. कापड बाजूला केलं. घुंगरमाळ. तीच. पट्ट्याला तेल लावलेलं, घुंगरं चिंचेनं घासून लख्ख. "हीच ती माळ! म्या ह्याच्या गळ्यात घातली आन म्हनलो, नाच! आज बगा!"

टाळ्या. शिट्ट्या. आयत्या बिळावर नागोबा, आणि लोक त्याला दूध पाजत होते. माझी फजिती चिंचेनं घासून अप्पांनी स्वतःचं पुण्य करून टाकली होती.

"वाकीव मान," अप्पा म्हणाले.

आणि मी वाकवली. लाज वाटते सांगायला. नाचणाऱ्याचं अंग हार दिसला की वाकतं, सवय. पट्ट्याचा वास आला. घामाचा, चामड्याचा. तेल लावून वास जात नाही. वाकलेल्या मानेनं मला समोर आई दिसली. बसलेल्या बायकांत ती एकटीच उभी राहिली होती. तिची मान खाली नव्हती. ती सरळ माझ्याकडं बघत होती आणि नाही, नाही अशी मान हलवत होती.

मी सरळ झालो. माळ अप्पांच्या हातातून काढून घेतली. माईक घेतला.

"ही माळ बैलाची हाय," मी म्हणालो. "मी बारा वर्षांचा व्हतो. अप्पांनी पावण्यांम्होरं ही माज्या गळ्यात घातली, एका पावण्यानं माजा पाय बैलासारखा तपासला, आन अप्पांनी मला नाचिवलं. मी रडत नाचलो. ह्याला शिकवणं म्हणत न्हाईत. शिकवणारे सर पुण्यात हायेत. ते पायाला हात लावायच्या आदी विचारत्यात."

माईक बंद झाला. कुणी बंद केला ते मी बघितलं नाही. मी स्टेजवरून उतरलो. खाली अप्पांचा बैल बांधलेला होता, शिंगांना रंग, पाठीवर झूल. ती माळ मी त्याच्या गळ्यात बांधली. जिची तिथं. बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. एवढ्या गर्दीत तेवढाच आवाज होता.

कुणीतरी ओरडलं, "माजलाय ह्यो!" दुसरं म्हणालं, "खरं बोलला राव." मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही.

अप्पा माझ्यामागं खाली उतरले. आवाज बारीक, दात आवळलेले. "सांजच्या आत तुज्या आयचं बिऱ्हाड उचल."

उत्तर मी देणार तोच आई गर्दीतून पुढं आली. वीस वर्षांत अप्पांपुढं तिनं पदर नीट करण्यापलीकडं काही केलं नव्हतं. म्हणाली, "सांज कशाला, अप्पा? म्या काल रातीच बांधून ठिवलंय."

खोलीवर आलो तर खरंच दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी, तवा, परात. मी म्हणालो, "मला का न्हाई सांगितलंस?"

"तू काय बोलतूस ते बगायचं व्हतं."

तीही माझ्यावर संशय घेत होती! मी पक्का तिच्यावरच गेलोय.

पेटीवर बसून ती म्हणाली, "त्या दिशी म्या परत चुलीकडं गेले. बोलले असते तर त्याच दिशी बिऱ्हाड उठलं असतं. तुजी शाळा व्हती. म्हनून गप बसले. पर भाकरी करपली माजी. समद्या करपल्या." मला वाटलं ती रडेल. रडली नाही. मी तिला माफ केलं वगैरे म्हणालो नाही. माफ करणारा मी कोण? आणि सगळं विसरलो असंही नाही. चौदा वर्षांचा राग एका वाक्यानं जात नाही. पण त्यातला तिच्या वाटचा मी चुकीच्या दारात ठेवला होता, हे कळलं.

निघताना तिनं गोठ्याच्या खिडकीतला आपला कप उचलला. मला वाटलं सोबत घेईल. तिनं तो धुतला, अप्पांच्या पडवीत नेला आणि त्या सोनेरी काठाच्या कपांच्या रांगेत मधोमध ठेवून आली.

आता आई पुण्यात आहे, भाड्याच्या खोलीत. तिला करमत नाही. फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी उतरवला म्हणे. गावात दोन तट पडलेत. अप्पा सांगत फिरतात, पोरगं उलटलं, उपकार विसरलं. सांगू देत.

मीही सांगणार. नाचाची सुरुवात कुठं झाली, असं कुणी विचारलं की गोठा सांगणार, माळ सांगणार, करपलेल्या भाकरी सांगणार. एक शब्द गाळणार नाही. खेळ संपला की लोकांपुढं वाकतो, ते माझ्या मर्जीनं. पण गळ्यात काही घालायला कुणी आलं, तर ते मी हातात घेईन. मान वाकणार नाही.