पट्टीवाले सर आणि वाढलेले खेकडे

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सरांइतका मापाचा माणूस अख्ख्या नव्या मुंबईत नव्हता, आणि त्यांनी फोटोग्राफर म्हणून नेमका मला निवडावा यासारखी त्यांची दुसरी चूक नव्हती.

ऐंशी सालच्या आसपासची वाशी. निम्म्या प्लॉटवर इमारती, निम्म्यावर गवत, आणि त्यातच माझा लग्नामुंजीचा स्टुडिओ. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात खाडीतल्या खेकड्यांवर प्रबंध लिहायचे. सात वर्षं लिहीत होते. खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. पट्टी नसलेल्या फोटोला ते फोटो म्हणतच नसत, "नुसतं चित्र" म्हणत. मुलीच्या बारशाच्या फोटोत पाळण्याला टेकवलेली पट्टी आहे. माथेरानच्या फोटोत ती नवराबायकोच्या मधोमध आहे. वहिनी वैतागल्या नव्हत्या, "मी उंच दिसेन अशी धरा" एवढंच म्हणाल्या होत्या.

खेकडे मारून बाटलीत भरणं सरांच्याने होत नसे. म्हणून दिवाळे गावची एक कोळीण मावशी बाजारात बसण्याआधी टोपली सरांच्या गॅलरीत उतरवायची, मी नांग्या बांधलेल्या एकेका खेकड्याचा वरून फोटो काढायचा, आणि मग मावशी आमची मॉडेलं विकायला घेऊन जायची. मापं सावकाश, फोटोवरून. कॅमेरा सरळ खाली बघतोय ना, हे सर गवंड्याच्या लेव्हलने तपासत. पट्टी नुसती टेबलावर ठेवायची नाही, खाली काड्यापेट्या रचून ती खेकड्याच्या पाठीच्या उंचीला आणायची. एकेकाला पाव तास. मावशी म्हणायची, "माझे लग्नान पन येवरा येल नाय लागला."

विद्यापीठाने प्रबंधाला शेवटची मुदत दिली आणि त्याच सुमारास दोन महिने सरांना सकाळच्या परीक्षांची ड्यूटी लागली. गॅलरी माझ्या ताब्यात आली. मी पडलो कलावंत. त्या काड्यापेट्या फोटोत फारच गबाळ्या दिसत होत्या. मी त्या काढून टाकल्या, पट्टी टेबलावर ऐटीत आडवी ठेवली आणि एकेका खेकड्याला नवरदेवासारखा खुलवला.

प्रिंटांवरून मापं घेतली त्या दिवशी सर दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. आधीच्या सगळ्या महिन्यांपेक्षा खेकडे मोठे भरत होते. एकही अपवाद नाही. खाडीत काहीतरी घडत होतं, आणि ते जगात पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगला कळलं होतं. संध्याकाळी घरोघर पेढे गेले. मी चार खाल्ले आणि या शोधात माझा हात आहे असं तीन मजल्यांवर सांगून आलो. ते अक्षरशः खरं होतं.

दुसऱ्या सकाळी सरांनी मावशीला फोटोतल्या पट्टीवर बोट ठेवून एका खेकड्याची रुंदी दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली.

"सर, येवरी चिंबोरी माझे टोपलीन असती, त मी हितं फोटू कारीत बसली असती?"

सरांनी फोटो उजेडात धरला. मग मला विचारलं, "काड्यापेट्या कुठं आहेत?"

मी सांगितलं. पट्टी खाली राहिली, खेकड्याची पाठ वर, कॅमेऱ्याच्या जवळ. जवळचं मोठं दिसतं, बाकी काही नाही. हे सर मला दोन बोटांनी समजावून देत होते, आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. पुन्हा मापायला त्यातला एकही खेकडा उरला नव्हता. सगळ्यांचं कालवण झालं होतं. मुदतीला आठवडा होता.

प्रबंध त्या दोन महिन्यांविनाच गेला, थोडा रोडावून. पुढे कित्येक दिवस जिन्यात सरांच्या चपला वाजल्या की मी दाराला आतून कडी घालत असे. पदवी मिळाली त्या दिवशी मात्र ते बांधलेली प्रत घेऊन थेट स्टुडिओत आले आणि एक पान उघडून समोर धरलं. इंग्रजी होतं. मी अडखळत वाचलं: या दोन महिन्यांची मापं वापरलेली नाहीत, छायाचित्रकाराला काय करायचं ते सांगितलं, का करायचं ते सांगितलं नाही, ही संशोधकाची चूक.

"सर, हे खरं नाही," मी म्हणालो. "चूक माझी होती. आणि चांगली मोठी होती."

"तुम्ही फार जवळून बघताय," सर म्हणाले.

आज सर नाहीत. मी लांबून बघायचा प्रयत्न करतो. चूक खरोखरच लहान होत गेली आहे. सर काही लहान होत नाहीत.