बदनापूरचे सुईवाले मामा

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात ज्या कोणावर माया केली, त्याला एकदा तरी सुई टोचली. यात बैल आले, म्हशी आल्या, सोयरेधायरे आले, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आले, आणि भरल्या घरात पाहुण्यांसमोर बाही वर करून बसवलेला मीही आलो. मामांना जाऊन आता दोन महिने होतील. ते गेले हे मला अजून खरं वाटत नाही. पण असा माणूस आपल्या नात्यात होता, हे तरी मला कुठे कधी पुरतं खरं वाटलं होतं?

मामांची सगळी नोकरी बदनापूरच्या आसपास, ढोरांच्या दवाखान्यात झाली. ते डॉक्टर नव्हते, डॉक्टरांच्या हाताखालचे होते. म्हणजे औषध डॉक्टर सांगत आणि लाथा मामा खात. एवढी वर्षं जनावरांत काढल्यामुळे माणसाशीही ते तसेच वागत, आणि त्यांच्या लेखी तो माणसाचा अपमान नव्हता, बढती होती. ते कोणाजवळ कधी मागून येत नसत. आधी डाव्या बाजूला उभे राहून खाकरत, मग पाठीवर तळहात ठेवत, "हां… हां…" असं हळू म्हणत, आणि समोरच्याचा श्वास संथ झाला की मगच बोलायला लागत. लग्नानंतर मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठ्याने खालची पापणी ओढून आत पाहिलं आणि भाचीला सांगितलं, "रक्त कमी हाय. पण गरीब हाय बिचारा, मारायचा न्हाई. राहू दे." ती संध्याकाळ मी आरशात पापण्या ओढून पाहण्यात घालवली.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मामांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. का, ते कोणाला सांगितलं नाही. वर्षभर घरात बसून राहिले. मग एके दिवशी पेपरात त्यांनी वाचलं, की चीनमध्ये नुसत्या सुया टोचून माणसाचं दुखणं घालवतात आणि कलकत्त्याला ते शिकवणारे लोक आहेत. मामी म्हणाल्या, "बरं." त्यांना वाटलं, बातमी वाचून झाली. दुसऱ्या दिवशी मामा कलकत्त्याला निघून गेले. महिना-दीड महिन्याने परत आले ते अंगभर जांभळ्या औषधाचे ठिपके काढून घेऊन. हातापायांवर, कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर. सुया कुठे टोचायच्या ते विसरू नये म्हणून. बदनापूरच्या स्टेशनवर उतरल्यावर टांगेवाल्याने त्यांना बसवून घ्यायला नकार दिला. देवी आलेला माणूस समजला तो. गावातल्या काही जाणत्यांना वेगळीच शंका आली. चीनशी लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती. "चिनी सुया आणल्यात म्हणं, काय इचार हाय?" असं एकाने चारचौघांत विचारलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "बस खाली. तुझी कंबर दुखून राह्यली न्हाई का चार महिन्यांपासून?" तो बसला. त्यानंतर चीनचा विषय निघाला नाही.

सराव ते दुधी भोपळ्यावर करत. मामी भाजी चिरण्याआधी भोपळ्यावरून सावकाश हात फिरवून पाहत, आणि जेवणारे आम्ही पहिला घास त्याहून सावकाश चावत असू. सुया चष्म्याच्या पत्र्याच्या डबीत ठेवलेल्या असत आणि त्या उकळायला मामांना नेमकं चहाचंच पातेलं लागे. त्यांचा एक नियम होता: आधी स्वतःला, मग दुसऱ्याला. जनावर आपल्याला हुंगल्याशिवाय औषध घेत नाही, माणसाचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक पेशंटसमोर बसून ते पहिली सुई आपल्याच हातात टोचत आणि दोघं मिळून वीस मिनिटं गप्प बसत.

या नियमानेच, मी मास्तर होतो त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा घात केला. त्यांना अर्धशिशीचा त्रास होता. मामा परतूरला आमच्याकडे आले असताना मीच, माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे, सरांना घरी घेऊन आलो. मामांनी मोजून सहा सुया टोचल्या आणि मोजून सहा काढल्या. फक्त सहावी स्वतःच्या हातातली काढली. मुख्याध्यापक टाळूवर सुई उभी ठेवून शाळेत गेले, प्रार्थनेला समोर उभे राहिले आणि शिस्तीवर बोलले. इतकं शांत ऐकणारी पोरं मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. शेवटी शिपाई जवळ जाऊन म्हणाला, "सर, तुमच्या डोस्क्यावर काहीतरी चमकून राह्यलंय." मुख्याध्यापकांनी हात वर नेला आणि खुर्चीत बसले. माझ्याशी ते आठवडाभर बोलले नाहीत. आठव्या दिवशी एवढंच म्हणाले, "डोकं तेव्हापासून दुखलं नाही, ही गोष्ट वेगळी."

हे सगळं मी हसत सांगतो आहे. पण त्याच्या पुढच्या वर्षी सुमन, माझी बायको, बोलायची थांबली.

एका दिवसात नाही. आधी गाणं थांबलं, मग शेजारी जाणं, मग वेणी घालणं. घरात काही घडलं नव्हतं. माझी नोकरी नीट होती, कोणी आजारी नव्हतं, भांडण नव्हतं. मी पुस्तकातला माणूस. कारणाशिवाय काही घडतं हे मला पटेना. मी तिला रोज कारण विचारत राहिलो आणि ती रोज थोडी आणखी भिंतीकडे सरकत राहिली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी त्याला नैराश्य म्हटलं आणि गोळ्या दिल्या. महिना गेला, फरक पडेना. मग मामा आले. मी दारातच त्यांना म्हणालो, "मामा, कृपा करून आता सुया काढू नका. हे मनाचं दुखणं आहे."

"डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या न्हाईत, बिलकुल न्हाईत," मामा म्हणाले. "सुई गोळीच्या संगं. गोळीच्या बदल्यात न्हाई. अन् तुम्ही तिला का, का म्हणून इचारणं बंद करा, जावई. बसलेल्या बैलाला कोणी का बसला म्हणून इचारतंय का?"

मला राग आला. माझी पदवीधर बायको आणि बैल! पण मामा आत जाऊन तिच्या डाव्या बाजूला उभे राहिले होते. खाकरले. पाठीवर हात ठेवला. स्वतःच्या हातात सुई टोचली आणि तिला दाखवली. कितीतरी दिवसांनी सुमनने कशाकडे तरी नीट पाहिलं. मग तिने मनगट पुढे केलं.

मामा दर दोन दिवसांनी बदनापूरहून गाडीने येऊ लागले. चौथ्या की पाचव्या खेपेला गोळीची वेळ झाली. मी पाणी दिलं, तिने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली. मामा उठले, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी तिची हनुवटी धरून गालात बोट घातलं. मी ओरडलोच, "मामा, काय चाललंय?" त्यांनी बोट बाहेर काढलं. बोटावर गोळी होती.

"जनावर अस्संच करतंय," ते हळूच म्हणाले. "गालात धरतंय. बाकीच्या कुठं हायेत, बाई?"

सुमनने उशीकडे पाहिलं. मी उशीची खोळ उलटी केली. महिन्याभराच्या गोळ्या जमिनीवर सांडल्या. मी रोज माझ्या हाताने दिलेल्या. मी खाली बसून त्या एकेक वेचू लागलो. त्या तिने का साठवल्या, हे मी तिला तेव्हा विचारलं नाही आणि आजतागायत विचारलेलं नाही.

मामा रागावले नाहीत. तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मीबी धरल्या होत्या गालात. दुष्काळात छावणीवर होतो. ढोरं उभी राहायची न्हाईत, अन् लोकं माझ्याकडं बघायचे. माझ्याकडं तर औषधबी नव्हतं. घरी आल्तो तर मला भाकरीचा वास सहन होईना. ह्याच डॉक्टरकडं गेल्तो, कोणाला न सांगता. गोळ्या दिल्या त्यानं. म्या सगळ्या ठिवल्या, तुझ्यासारख्याच. तुझ्या मामीला सापडल्या. तिनं अंगणात बसून मला एकेक गिळायला लावली, लेकराला लावावी तशी. अजून घेतो मी. सुया मंग शिकलो. सुईनं झोप लागली मला. पण गोळीनं उठलो, हे खोटं सांगणार न्हाई."

ज्या माणसाला मी इतकी वर्षं घरातली गंमत समजत होतो, त्याच्याकडे मी पाहत राहिलो. मामींनाही मी कधी ओळखलं नव्हतं, भोपळ्यावर हात फिरवणारी बाई यापलीकडे.

सुमनने विचारलं, "गोळी कडू लागती का तुम्हाला?" दोन महिन्यांतला तिचा पहिला प्रश्न.

"जहर," मामा म्हणाले. "जल्दी गिळ."

तिने गिळली. पुढे ती बरी होत गेली. आठ पावलं पुढे, पाच मागे. सुयांनी, गोळ्यांनी, की कोणी काही न विचारता वीस मिनिटं शेजारी बसल्याने, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते खांदे उडवून म्हणाले, "तिन्ही चालू ठेवा."

मामा गेले ते दुपारचं जेवण करून, हात धुता धुता. तार घेऊन आलेल्या माणसाला मी दोनदा म्हणालो, पत्ता चुकला असेल. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आसपासच्या गावांतून इतके लोक आले की घराबाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. सुमन रडली नाही. सगळ्यांना पाणी देत फिरत होती, आणि मला त्याचीच धास्ती बसली. परतूरला आल्यावर मी चोरून तिच्याकडे पाहत राहिलो: जेवली का, वेणी घातली का. विचारायची हिंमत झाली नाही.

दहा-बारा दिवसांनी मी वह्या तपासत होतो. ती समोर येऊन बसली.

"मला परत तसंच होऊन राह्यलंय," ती म्हणाली. "सकाळी उठवत न्हाई. उद्या औरंगाबादला जाऊ. तुम्ही रजा टाका."

मी पेन खाली ठेवलं. मला भीती वाटली आणि त्याच वेळी हलकंही वाटलं. "टाकतो," एवढंच म्हणालो.

सकाळच्या गाडीला गर्दी होती. जालन्याला थोडी जागा झाली तशी आमच्या बाकावर खिडकीपाशी एक जागा रिकामी झाली आणि मी नकळत तिथे पिशवी ठेवली. दवाखान्याच्या खेपांना मामा बदनापूरला चढत आणि तिथेच बसत. बदनापूर आलं. गाडी थांबली. आम्ही दोघंही दाराकडे पाहत होतो आणि दोघंही तसं दाखवत नव्हतो. एक म्हातारा काठी टेकत आत आला आणि पिशवीकडे बोट करून म्हणाला, "कोणी हाय का इथं?"

सुमनने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"न्हाई," ती म्हणाली. "बसा बाबा."