तालमीतली खुर्ची

आमच्या वाडीतली तालीम कुस्तीसाठी नव्हतीच. डांबरी रस्ता ओढ्यापलीकडं, रानातून तासाभराची चढण. आजारी माणसाला लाकडी खुर्चीत बसवायचं, खुर्चीला दोन बांबू बांधायचे आणि चौघांनी खांद्यावर घेऊन रस्ता गाठायचा. माझी सासू अशीच वाटेत गेली. चौघांतले दोघे दमून बसले होते. तिचं तेरावं झालं आणि आमच्या मालकांनी गोठ्याशेजारी पत्रे टाकले, मुगदल आणले. भिंतीवर कोळशानं लिहिलं, "न थांबता रस्त्यापर्यंत."

खांदे तयार करायचे तर ओझं हवं. ते ओझं मी! अंगानं काटकुळी, पण तोंडाला खळ नाही. वाडीतले दीर खुर्ची उचलायचे आणि मी वर बसून कण्हायची, "मेले गं बाई! ह्या डाव्या बाजूच्यानं आज भाकरी खाल्ली न्हाई वाटतं!" हसून हसून खुर्ची खाली यायची. मालक ओरडायचे, "पेशंट हाईस न्हवं? मग गप ऱ्हा की!"

एकदा धाकट्या जावेनं विचारलं, "अक्का, आपण बायकांनी बी यावं काय तालमीत? उद्या गडी कामाला बाहेर गेले तर उचलणार कोण?"

मालक म्हणाले, "या की." पण मी शहाणी! चार बायकांत पदर कमरेला खोचला, जोर काढायची नक्कल केली, वर जावेला म्हणाले, "तुला मिशा फुटल्या तर भावोजींनी काय करायचं गं?" बायका पोट धरून हसल्या. जाऊ तालमीकडं फिरकली नाही, तिच्यामागून कुणीच नाही. नक्कल झकास जमली म्हणून मी आठवडाभर मिरवले.

गडी पुढं खरंच गेले, गोव्याला, बेळगावला. तालमीत पंचायतीची व्यायामाची लोखंडी मशिनं आली. त्यांच्यावर कोंबड्या बसायच्या.

गेल्या सुगीत मालकांचं अर्धं अंग गेलं. गाडी बोलावली, ती रस्त्यावर येऊन थांबली. वाडीत आम्ही बायकाच. जावेनं पुढचा बांबू घेतला. खांद्यांना सवय नाही. चढणीला पाय थरथरायचे, दर वळणाला खुर्ची खाली. मी बाजूनं त्यांचं डोकं धरून चालत होते. ते सारखे कण्हत होते. पाचव्यांदा खुर्ची टेकवली तेव्हा कण्हणं थांबलं. जावेनं त्यांच्या नाकाशी हात धरला.

"अक्का," एवढंच म्हणाली. मिशांची गोष्ट तिनं काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं.

आता सकाळी भांडी उरकली की बायका तालमीत जमतात. कोळशाची अक्षरं पुसली होती, ती जावेनं पुन्हा गिरवली. ओझं अजून मीच. अंग सुटलंय, तेवढाच त्यांचा सराव चांगला होतो.

परवा खुर्ची ओढ्याजवळ आली तेव्हा एक नवी सून म्हणाली, "आजी, तुमी लईच गप. जरा कण्हा की, खरं वाटंल."

मी तोंड उघडलं. घशाशी आला तो मालकांचा आवाज, त्या चढणीवरचा. तो गिळला आणि म्हटलं, "बोलू नका गं. थांबू नका."